मेम्फिसला उतरायचं कुठं

रविवारी रात्री जेवणं आटपल्यावर मी लॅपटॉप डायनिंग टेबलवर मांडून सगळ्यांना मेम्फिसचा प्लॅन दाखवत होते. एक्सेलची शीट, रंगीत रकाने, कुठल्या दिवशी कुठं जायचं, पार्किंग कुठं, तिकीट काढलंय का, डबा की बाहेर, असं सगळं. नवरा म्हणतो ऑफिसची सवय घरात आणू नको, पण ऐनवेळी 'मग आता कुठं?' हे विचारणाराही तोच असतो, त्यामुळं मी मनावर घेत नाही. तर शुक्रवारच्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'लॉरेन मोटेल, १० ते १'. मैत्री, वय वर्षं नऊ, खुर्चीवर गुडघे टेकवून स्क्रीनमध्ये नाक खुपसून वाचत होती. तिनं विचारलं, "आई, आपण दोन मोटेलमध्ये राहणार आहोत? आणि या दुसऱ्याला स्विमिंग पूल आहे का?"

माझ्या मुलानं, सम्यकनं, मोबाइलमधून मान वर काढली, 'ओ माय गॉड' म्हणाला आणि परत खाली घातली. आबा सोफ्यावर आयपॅडवर गावाकडचा पेपर वाचत होते, ते काही बोलले नाहीत. मी म्हणलं, अगं ते आता म्युझियम आहे, राहता येत नाही तिथं, आणि भराभर शनिवारच्या रकान्यावर गेले.

पण झोपेपर्यंत तो पूल काही डोक्यातून जाईना. कारण लॉरेन मोटेल म्हणजे मार्टिन ल्यूथर किंगना जिथं गोळी घातली ती जागा.

आता मेम्फिसच का, हे आधी सांगते, कारण इकडं डॅलसमध्ये ज्याला सांगावं तो हेच विचारतो. स्प्रिंग ब्रेक, म्हणजे मार्चमधली शाळेची सुट्टी, म्हणलं की आपल्या लोकांचं ठरलेलं असतं, ऑरलँडो, कॅनकून, नाहीतर कोलोरॅडोचा उरलासुरला बर्फ. मेम्फिसला कोण जातं? पण यंदा आई-आबा आलेत. आबांच्या गुडघ्याला विमानातली सीट नको वाटते, कारमध्ये पुढं बसले की पाय पसरता येतात. डॅलसहून आय-३० धरायचा, टेक्सारकाना, मग लिटल रॉक, तिथून आय-४०, की मिसिसिपी ओलांडली की मेम्फिस. साधारण साडेचारशे मैल, थांबत थांबत गेलं तरी दिवसाउजेडी पोचतो. नवऱ्याला कॉलेजात गिटारचं वेड होतं, त्याला सन स्टुडिओ, तिथला जुना रेकॉर्डिंग स्टुडिओ, बघायचाय आणि ग्रेसलँड, जिथं गायक एल्विस प्रेस्लीनं १९५७ मध्ये घर घेतलं आणि १९७७ मध्ये तिथंच गेला, आणि जिथल्या एका खोलीत म्हणे छतालासुद्धा हिरवा गालिचा लावलाय. (मी म्हणलं, जाळी कोण काढत असेल. त्याला हा प्रश्न आवडला नाही.) सम्यकला ग्रिझलीजची बास्केटबॉलची मॅच बघायचीय आणि ड्राय रब लावलेल्या रिब्ज, म्हणजे कोरडा मसाला चोळून भाजलेल्या बरगड्या, खायच्यात. मैत्रीला बदकं. एकूण काय, सगळ्यांची सोय होईल असं गाव तेच एक सापडलं.

बदकांचं सांगते. पीबॉडी नावाचं मोठं जुनं हॉटेल आहे गावात, त्याच्या लॉबीत संगमरवरी कारंजं, आणि रोज सकाळी ११ ला गच्चीवरून लिफ्टनं पाच बदकं खाली येतात, लाल गालिच्यावरून चालत जाऊन कारंज्यात उतरतात, आणि संध्याकाळी ५ ला तशीच परत वर. १९३० च्या दशकात मॅनेजर अर्कान्सासला शिकारीला गेला होता, परत येताना जरा जास्त झाली होती, आणि गंमत म्हणून शिकारीला वापरायची जिवंत बदकं कारंज्यात सोडली, तिथून सुरू झालं हे. पुढं १९४० मध्ये एडवर्ड पेम्ब्रोक नावाच्या बेलमननं त्यांना चालायला शिकवलं, तो आधी सर्कशीत जनावरं शिकवायचा, आणि मग १९९१ पर्यंत तोच बदकांचा मास्तर. काळा माणूस होता. त्या काळात दक्षिणेतल्या मोठ्या हॉटेलांत काळ्या माणसाला बॅगा उचलायला आत घ्यायचे, पाहुणा म्हणून नाही. हे मी मैत्रीला अर्थातच सांगितलं नव्हतं. तिला व्हिडिओ दाखवला होता, तिनं तो इतक्या वेळा बघितला की त्या बँडची धून घरात सगळ्यांना पाठ झालीय. त्या धूनचं नाव मला नंतर कळलं. 'किंग कॉटन'. म्हणजे बदकं चालतात तेही कापसाच्या नावावर.

मेम्फिस मी मागे बघितलंय, ऑफिसच्या कामानं. मी लॉजिस्टिक्समध्ये आहे आणि आमच्या धंद्यात मेम्फिस म्हणजे गोदामांचं गाव. १९७३ मध्ये फेडेक्सनं तिथून पार्सलं उडवायला सुरुवात केली, आणि आजही रात्री साडेदहा-अकराच्या पुढं कुठल्याही मोकळ्या पार्किंगमध्ये उभं राहा, आभाळात दिव्यांची रांग दिसते, एकामागे एक विमानं उतरायला थांबलेली. दिवसभर मी त्या पत्र्याच्या गोदामांमध्ये होते, पुठ्ठ्याचा आणि डिझेलचा वास नाकात बसलेला. काम लवकर संपलं म्हणून कलीगनं गावात सोडलं. जेवायला जायच्या आधी चालत चालत मलबेरी स्ट्रीटला वळले आणि समोर तेच. फोटोत शंभरदा बघितलेलं. दोन मजली साधं मोटेल, दारं निळसर-हिरवी, जुनी पिवळी पाटी, वरच्या गॅलरीच्या कठड्याला ३०६ नंबरच्या समोर लाल-पांढरी फुलांची रीथ, खाली त्या काळातल्या दोन पांढऱ्या गाड्या उभ्या करून ठेवलेल्या. म्युझियम बंद झालेलं. कुठूनतरी लाकडाच्या धुराचा आणि मांस भाजल्याचा वास येत होता, चांगली भूक लागेल असा वास, आणि मी तिथं उभी होते, आणि मला भूकच लागलेली होती. हे लिहायला बरं वाटत नाही पण तसंच होतं. १९६८ च्या ४ एप्रिलला संध्याकाळी ६ वाजून १ मिनिटानं त्या कठड्यापाशी मार्टिन ल्यूथर किंगना गोळी लागली, आणि ते तेव्हा बाहेर आले होते ते जेवायला निघण्यासाठीच.

समोरच्या फुटपाथवर एक बाई कित्येक वर्षं टेबल मांडून बसायची हेही मी वाचलं होतं. त्या मोटेलची शेवटची भाडेकरू, तिला १९८८ मध्ये उचलून बाहेर काढलं म्युझियम करायचं म्हणून. तिचं म्हणणं असं की एवढे पैसे घालून काचेच्या कपाटात वस्तू ठेवण्यापेक्षा गरिबांना राहायला जागा द्या, किंगना तेच हवं असतं. मला तिचं म्हणणं पटतं. आणि मला माझ्या पोरांना ते म्युझियम दाखवायचंही आहे.

तर प्लॅनमधली खरी अडचण ही होती. शुक्रवारी सकाळी मोटेल, ५ ला बदकं, मध्ये रिब्ज. माझ्याच शीटमध्ये एकाला निळा रंग दिला होता, एकाला पिवळा. नवरा म्हणाला मैत्रीला नको नेऊस आत, नऊ वर्षांची आहे, तिथं एक बस ठेवलीय, आत बसलं की ड्रायव्हरचा आवाज येतो, ऊठ, मागे जा म्हणून दरडावतो, कचऱ्याचा ट्रक आहे, हे सगळं कशाला, मी तिला घेऊन बाहेर फिरतो, तुम्ही बघून या. यावर आमचं थोडं वाजलं. आबा तिथंच होते. ते एवढंच म्हणाले, "ने तिले. मी तिच्याहून लहान होतो. तिकीट नोतं लागलं."

मग विषय संपला.

आईचं वेगळंच. तिला किंग नकोत, एल्विस नको, बदकं चालतील, पण तिला विचारायचं होतं ते हे, "पाणी गोडं आहे काय वं तिथलं?" ज्यांना माहीत नाही त्यांना हसू येईल. आईचं माहेर खारपाणपट्ट्यातलं, पूर्णेच्या खोऱ्यातलं. तिथं विहिरीला पाणी असतं, दिसायला स्वच्छ, आणि तोंडात घेतलं की थुंकावं वाटतं. डाळ शिजत नाही त्यात, तास तास चूल जाळा, दाणा तसाच. चहा फाटतो. साबणाला फेस येत नाही. लहानपणी मामाकडं गेलं की आंघोळीनंतर अंगावर पांढरट पापुद्रा यायचा, नखानं रेघ ओढली तर उठायची. आजी गोड्या पाण्याची एक घागर वेगळी ठेवायची, स्वयंपाकापुरती, आणि ती आणायला कुठं जायचं, कुठल्या विहिरीवर आपल्याला येऊ देतात, कुठल्यावर नाही, कोणी वरून ओतलं तरच घ्यायचं, हा सगळा हिशेब वेगळा. त्यामुळं आई कुठल्याही गावाला गेली की पहिला प्रश्न पाण्याचा. न्यूयॉर्कला पण हाच विचारला होता.

मी म्हणलं आई, तिथं तर मिसिसिपी आहे, आणि मग म्हणलं जरा बघूनच सांगावं. तर मेम्फिसवाले मिसिसिपीचं पाणी पीतच नाहीत! एवढी नदी दारात आणि नळाला येतं ते जमिनीखालचं, वाळूच्या थरात हजारो वर्षं मुरलेलं पाणी, १८८७ च्या सुमारास विहीर खणताना लागलं. त्याच्या आधी गाव पाण्यापायी आणि घाणीपायी पार मोडलं होतं, १८७८ मध्ये पिवळ्या तापानं ५००० च्या वर माणसं गेली, पैसेवाले गाव सोडून पळाले, आणि पुढच्या वर्षी तर शहर म्हणून असलेली सनदच गेली. डास चावून होतो हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. आईला हे सांगितल्यावर ती खूश. "म्हणजे नदी बघायची आणि पाणी बोअरचं प्यायचं, आपल्यासारखंच." नदीचा मड आयलंडवर एक सिमेंटचा नकाशा केलाय, १९८२ चा, इलिनॉयमधल्या कैरोपासून न्यू ऑर्लिन्सपर्यंतची मिसिसिपी, ३० इंचांना एक मैल अशा मापानं, त्याच्यात चालत जाता येतं. एक पाऊल टाकलं की एक मैल. हे आईच्या रकान्यात टाकलंय, तिच्या पायांना झेपेल एवढीच नदी. पाणी सोडलेलं असेल का मार्चमध्ये ते फोन करून विचारायचंय.

मैत्रीच्या प्रश्नाकडं यायला मला मंगळवार उजाडला. ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी स्टुलावर बसून मटार सोलत होती, म्हणजे तीन शेंगा सोलायच्या आणि दोनमधले दाणे खायचे. मी म्हणलं, तू विचारलं होतंस ना त्या मोटेलबद्दल, तर लोक खरंच राहायचे तिथं. सुट्टीला आलेली कुटुंबं, गाणारे लोक, पोरंबाळं. वॉल्टर बेली नावाच्या माणसानं १९४५ मध्ये ते घेतलं, बायकोचं नाव लोरी, म्हणून लॉरेन. आणि तिथं गर्दी असायची कारण बाकीच्या हॉटेलांत काळ्या लोकांना खोली देत नव्हते. रे चार्ल्स गायला यायचा, हजारो लोक टाळ्या वाजवायचे, आणि झोपायला लॉरेन. मैत्री म्हणाली, पण त्यांना कसं कळायचं कुठं देतात आणि कुठं नाही? गूगल नव्हतं ना.

चांगला प्रश्न होता. मी तिला ग्रीन बुक सांगितलं. व्हिक्टर ग्रीन म्हणून न्यूयॉर्कमधला एक पोस्टमन, त्यानं १९३६ पासून जवळजवळ दरवर्षी एक छोटं पुस्तक काढलं, कुठल्या गावात काळ्या प्रवाशाला कुठं खोली मिळेल, कुठं जेवण, कुठं पेट्रोल, कुठं केस कापून देतील. न्यूयॉर्कच्या लायब्ररीनं त्यातली बहुतेक पुस्तकं ऑनलाइन टाकलीत, मी फोनवर उघडून दाखवली. बघायला अगदी साधं, गावाचं नाव, खाली हॉटेलचं नाव आणि पत्ता, बस. काही गावांत हॉटेलच नाही, कोणा बाईचं घर, एखादी खोली. माझी शीट आणि ते पान, दोन्ही प्लॅनच की. मी रकान्यात बघते ब्रेकफास्ट फुकट आहे का. त्यांच्या रकान्यात होतं, दार उघडतील का. कित्येक घरातल्या बायका प्रवासाला निघताना दोन दिवसांचा डबा, पाणी, आणि पोरांसाठी डब्यात लघवीची सोयसुद्धा बरोबर घ्यायच्या, कारण मध्ये थांबता येईलच असं नव्हतं.

आबा दारात उभे होते. कधी आले कळलं नाही. म्हणाले, "मंग बंद केलं का त्याईनं ते पुस्तक?"

म्हणलं हो, १९६४ ला हॉटेलांत असा भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा झाला, त्यानंतर दोन-तीन वर्षांत बंद पडलं. ग्रीननं स्वतः लिहून ठेवलं होतं की एक दिवस हे छापायची गरज उरणार नाही, तो आमच्यासाठी मोठा दिवस असेल.

आबांनी मटाराची शेंग उचलली, सोलली, दाणे मैत्रीच्या वाटीत टाकले. म्हणाले, "आमची छापेल नोती. तोंडी होती."

आबा कापसाचे ग्रेडर होते, म्हणजे कापसाची प्रत ठरवायचे. १९७२ ला सरकारनं एकाधिकार खरेदी सुरू केली, शेतकऱ्यानं कापूस सरकारलाच विकायचा, आणि हंगाम लागला की ग्रेडर लोकांना आज या केंद्रावर, उद्या त्या केंद्रावर पाठवायचे. आमच्या लहानपणी दिवाळी झाली की आबा जायचे ते उन्हाळ्यात उगवायचे, कपड्यांना सरकीचा वास, भुवयांत तंतू. कुठं राहतात हे आम्हाला कधी विचारावं वाटलं नाही. राहत असतील कुठंतरी. त्या दिवशी मटार सोलता सोलता त्यांनी गावं सांगायला सुरुवात केली, क्रमानं, जशी एसटी जाते तशी. तालुक्याच्या गावी नोकरीवर हजर व्हायचं, आणि संध्याकाळी खोली शोधायला निघायचं. खोली आहे का? आहे ना, या बसा, पाणी घ्या, कुठले तुम्ही, सरकारी नोकरी का, वा, आडनाव काय म्हणालात? "आडनाव सांगतलं का खोली भरून जाये," आबा म्हणाले. हसतच म्हणाले. मैत्रीला कळलं नाही, तिनं विचारलं, हाउ कॅन अ रूम गेट फुल?

म्हणून मग एकमेकांत पत्ते चालायचे. आपल्यातला कोणी तलाठी, कोणी मास्तर, कोणी पोस्टातला, जो ज्या गावाहून बदलून येईल तो पुढच्याला सांगायचा. आबांना अजून सगळं पाठ. जळगाव जामोद, स्टँडच्या मांगं विहाराला लागून एक रिटायर मास्तर, खोली पत्र्याची पण मच्छरदानी द्यायचे. दर्यापूर, पाणी खारं, आपला तांब्या सोबत न्यावा. एका गावी एक म्हातारी होती, एकटी, ती पैसे घ्यायची नाही, तिला चष्मा नेऊन दिला होता. मूर्तिजापूरला रात्र झाली तर खोलीच्या नादी लागायचंच नाही, जंक्शन आहे, वेटिंग रूममध्ये झोपायचं. "रेल्वे आडनाव पुसत नाई." मी हात पुसून फोनवर टाइप करत गेले, ते गावाचं नाव घेत आणि डोळे बारीक करत, मग सांगत. आई मध्येच म्हणाली, हे तुम्ही मला पण नाही सांगितलं कधी. ते म्हणाले, त्यात काय सांगायचं.

मला त्यावर काय बोलावं सुचलं नाही, अजूनही सुचत नाही. राग कोणाचा करायचा, ती माणसं आता असतील-नसतील. आणि एवढ्या लांब येऊनही ते संपलंय असं नाही म्हणवत. इथं घर घेताना एजंटनं बँकेचे कागद बघितले, आडनावाशी त्याला घेणंदेणं नव्हतं, त्याला ते उच्चारताही येईना. पण आपल्याच एका कार्यक्रमात प्लेट हातात घेऊन शेजारी बसलेल्या बाईंनी प्रेमानं विचारलं होतं, तुमच्याकडं गणपती किती दिवसांचा हो? मी म्हणलं, आमच्याकडं नसतो. त्या 'हो का' म्हणाल्या, आणि मग पुलाव छान झालाय यावर आम्ही दोघी बराच वेळ बोललो.

१९५९ मध्ये किंग भारतात आले होते, मुंबईत मणिभवनात राहिले होते, हे आपल्याकडं बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याच दौऱ्यात केरळात एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख करून देताना म्हणलं, हे अमेरिकेतले आपल्यासारखेच एक अस्पृश्य. किंगनीच १९६५ मध्ये हे चर्चमध्ये सांगितलं, की आधी मला धक्का बसला, थोडा रागही आला, आणि मग विचार केला तेव्हा पटलं की हो, मी आहेच. आबांना हे मी सांगितलं तर ते म्हणाले माहीत आहे. १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा ते बावीस-तेवीस वर्षांचे, खामगावात बसून मिळेल ते वाचायचे. मेम्फिसच्या सफाई कामगारांचा संपही त्यांना माहीत, माझ्यापेक्षा जास्त. पाऊस आला म्हणून दोघं कचऱ्याच्या ट्रकच्या मागच्या भागात आडोशाला बसले आणि यंत्र चालू होऊन त्यातच चिरडले, एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर, १ फेब्रुवारी १९६८. पुढं १३०० कामगार संपावर, गळ्यात पाट्या, मी माणूस आहे. किंग त्यांच्यासाठी आले होते मेम्फिसला. आबांना त्या ट्रकपाशी जायचंय. ग्रेसलँडच्या वेळी मी गाडीत बसतो म्हणाले.

आणि कापूस. हे मात्र माझ्या शीटमध्ये नव्हतंच, मला माहीतच नव्हतं. युनियन अव्हेन्यूवर जुनं कॉटन एक्स्चेंज आहे, तिथल्या सौद्याच्या हॉलमध्ये आता कापसाचं म्युझियम केलंय, भावांचा काळा फळा तसाच. त्या हॉलमध्ये गोऱ्या पुरुष मेंबरांनाच प्रवेश होता, गाठी फोडून नमुने काढणारे, उचलणारे काळे. जवळच फ्रंट स्ट्रीटवर कापसाच्या पेढ्या होत्या, आणि त्यांचे ग्रेडर वरच्या मजल्यावर उत्तरेकडच्या उजेडात बसायचे, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो, रंग फसवत नाही. हे वाचून दाखवल्यावर आबा एकदम ताठ बसले. "बरोबर हाय. उनात कवडीबी पांढरी दिसते." (कवडी म्हणजे डागी, किडका कापूस.) मग त्यांनी औषधाच्या बाटलीतला कापसाचा बोळा काढला, दोन्ही हातांच्या अंगठ्यात चिमूट धरून ओढली, परत जोडली, परत ओढली, असं चार-सहा वेळा, की तंतू सगळे एका दिशेला आले, आणि ते आपल्या काळ्या पँटीवर ठेवून नखानं लांबी दाखवली. "हे काय, भंगार. धागाच नाई." हात अजिबात थरथरत नव्हता. एरवी चहाचा कप धरताना थरथरतो.

अमेरिकेत यादवी पेटली, १८६२ च्या जूनमध्ये मेम्फिस उत्तरेच्या ताब्यात गेलं, दक्षिणेचा कापूस अडकला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडं तोंड फिरवलं, हे शाळेत शिकलेलं असतं आपण. मुंबईत शेअरवाले कोट्यधीश झाले आणि मग बुडाले तेही. पण १८७० मध्ये खामगावला आगगाडी आली, लॉर्ड मेयो स्वतः उद्घाटनाला, ती याच कापसासाठी, हे मी गाव आणि मेम्फिस अशा दोन टोकांना धरून कधी बघितलं नव्हतं. मिसिसिपीच्या काठी कापूस कोण वेचत होतं आणि पूर्णेच्या काठी कोण, आणि सौद्याच्या खोलीत कोण बसत होतं. आबांनी हे बहुतेक फार आधी बघून ठेवलेलं असावं. ते म्हणाले, न्यूयॉर्कचा वायदा आम्ही रोज आयकायचो, पण मेम्फिसचं नाव गाठीच्या गप्पांत यायचंच.

तर आता शीट बदललीय. शुक्रवारी मोटेल, सगळे मिळून, मैत्रीसकट, आणि त्यानंतर दुपारी काहीही ठेवलेलं नाही, ज्याला जे वाटेल ते. बदकं शनिवारी सकाळी. आधीचे निळे-पिवळे रंग मी काढून टाकले, सगळं पांढरंच ठेवलंय. राहायला नदीपलीकडं वेस्ट मेम्फिसला एका गुजराती कुटुंबाच्या मोटेलमध्ये खोल्या घेतल्यात, किचनेट आहे, आईला डाळ लावता येईल, आणि फोनवर तिथल्या काकूंनी नाव विचारलं, मी सांगितलं, त्यांनी स्पेलिंग विचारलं आणि लिहून घेतलं. तिकडून पुलावरून चालत मेम्फिसला जाता येतं, जुन्या रेल्वे पुलाला लागून २०१६ मध्ये पायवाट केलीय, जवळजवळ एक मैल. आबा म्हणतात अर्ध्यापर्यंत येतो. पीबॉडीच्या लॉबीत चहा केवढ्याला पडतो ते आईला सांगितलेलं नाही.

राहिला परतीचा रविवार. आबांना कपाशीचं वावर बघायचंय. मी म्हणलं आबा, मार्चमध्ये रिकामं असतं, इथं पेरणी एप्रिलच्या शेवटी, मेमध्ये. ते म्हणाले मंग माती पाहू. नुसती माती? नुसती माती. काळी हाय का कशी, पाहू. मी म्हणलं हायवेवर असं मध्येच थांबता येत नाही. "मंग एक्झिट घे. तुह्या त्या एक्सेलमध्ये टाक." टाकलं. नकाशा बघितला तर मेम्फिसपासून साधारण पाऊण तासावर फॉरेस्ट सिटी लागतं, आजूबाजूला सपाट शेतं. पण त्या गावाला नाव पडलंय नेथन फॉरेस्टवरून, जो मेम्फिसमध्ये गुलामांचा बाजार चालवायचा. तिथं नको. त्याच्या अलीकडचा एखादा बघते, पेट्रोल पंपवाला, आईला बाथरूम स्वच्छ लागतं.